हाकेचं नाव

“वयनी, नाव ठेवशील गं, पण घरात त्या नावानं पोरीला हाक कोण मारणार?” बारशाला पाळण्यावर वाकता वाकता मनालीनं विचारलं होतं.

विद्याश्रीनं नणंदेचं मनावर घेतलं नाही. अपार्टमेंटमध्ये आधीच तीन स्वरा आणि दोन आरोही होत्या. तिला लेकीसाठी नवऱ्याच्या आजीचं नाव हवं होतं. बसव्वा. एके काळी गल्लीत थोरली बसव्वा, धाकटी बसव्वा, म्हशीवाली बसव्वा अशी ओळख सांगावी लागायची. आता गल्लीत एकही नव्हती.

पण मनालीचंच खरं झालं. बसव्वा म्हणजे आत्तींची, विद्याश्रीच्या सासूची, सासू. सासूचं नाव आत्तींनी जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर बाकीच्यांची जीभ रेटेना. पोर पाच वर्षांची झाली तरी घरात नुसती पिल्लू. नाव राहिलं ते शाळेच्या हजेरीपुरतं.

आज आत्तींना घेऊन रंकाळा तलावावर आलेल्या विद्याश्रीनं भेळ हातात घ्यायला पोरीचं बोट सोडलं. वळून बघते तर पोर नाही.

“पिल्लू!”

चार-पाच पोरांनी माना वळवल्या. त्यांच्या आयांनीही.

“पिल्लू! ए पिल्लू!”

फुगेवाल्याभोवती गर्दी, घोड्याभोवती गर्दी. विद्याश्रीची नजर मात्र सारखी पाण्याकडं. रविवारची संध्याकाळ, कुणी ना कुणी आपल्या पिल्लूला हाक मारतच होतं.

“अगं, नावानं मार की हाक!” आत्ती म्हणाल्या.

“बस...” विद्याश्रीनं सवयीनं आत्तींकडं बघितलं आणि शब्द घशातच राहिला.

आत्तींनी डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे मिटून, न दिसणाऱ्या कुणाला तरी हात जोडले. मग कठड्याच्या पायरीवर चढल्या आणि पल्याडच्या रानातलं माणूस बोलवावं तशी हाक दिली,

“बसव्वाऽऽ! ए बसव्वाऽऽ!”

भेळवाल्याचा हात थांबला. घोड्यानंसुद्धा कान टवकारले.

“हजर, टीचर!”

घोड्याच्या पलीकडून एक चिमुकला हात वर आला. त्या नावाला एवढंच उत्तर तिला ठाऊक होतं.

विद्याश्रीनं गर्दी कापत जाऊन तिला उचललं आणि घट्ट धरलं. भेळ कधीच सांडली होती. आत्ती अजून पायरीवरच होत्या.

“घेतलं बाई सासूचं नाव! उभा जल्म घशात अडकलं हुतं!” त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि पोर सापडली तरी पुन्हा पुन्हा हाक देत होत्या. “बसव्वाऽऽ!”

तेवढ्यात बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं गर्दीत बघितलं.

“मी हाय की हितं. कोण बोलावतंय गं मला?”

कडेवरच्या पोरीनं विचारलं, “तू पण बसव्वा?”

“व्हय की,” म्हातारी म्हणाली. “पण घरात सगळी आजीच म्हणत्यात. नावानं हाक मारणारं आता कोण ऱ्हायलंय?”

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. आज जाता जाता तिच्या दाराशी थांबा. नाव घेऊन हाक मारा, आणि ओ येते का, तेवढं बघून या.