सेंटर फॉरवर्डच्या मागे

मी हॉकी खेळायचे त्या काळातली गोष्ट. उपांत्य सामन्यात आमच्या लिंबूटिंबू संघाची गाठ गतविजेत्यांशी पडली. त्यांचे सगळे गोल एकटी सेंटर फॉरवर्डच करायची. म्हणून मास्तरांनी मला बजावलं, "चेंडूकडे बघूच नकोस. ती जाईल तिथे तू. मी सांगेपर्यंत तिला सोडायचं नाही."

ती बुटाची नाडी बांधायला वाकली, मीही वाकले. मध्यंतराला ती त्यांच्या तंबूत गेली, मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. "अगं ए, तू आमची नाहीस!" त्यांचे प्रशिक्षक ओरडले. "माहीत आहे," मी म्हटलं. ती इतकी वैतागली की तिला एकही गोल करता आला नाही, आणि आम्ही जिंकलो. त्या जल्लोषात मला "आता सोड" म्हणायचं मास्तर विसरले.

ती बसमध्ये चढली, मीही चढले. घराच्या दारात तिच्या आईने विचारलं, "ही कोण गं?"

"काय सांगू आई, सकाळपासून मानगुटीवर बसलीय!"

 

 

शेवटी मला तिच्या थोरल्या भावाशी लग्न करावं लागलं.