अर्ध्या तासाचा सूर्य

टक् करून दिवा आपोआप विझला आणि तिने लगेच पुन्हा बटण दाबलं. आज दुसऱ्यांदा.

पांढरा लख्ख उजेड परत तोंडावर आला. दिवा मोठ्या वहीएवढा, टेबलावर हातभर अंतरावर उभा केलेला. बाळंतपणानंतर मनावर जे मळभ आलंय ते यानं हळूहळू निघेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. रोज सकाळी अर्धा तास समोर बसायचं आणि तेवढा वेळ बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवायचं. आज नववा दिवस. मळभ होतं तिथेच होतं. पण त्या अर्ध्या तासात बाळ तिच्या हातात नसायचं, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तिला धड श्वास घेता यायचा.

दाराबाहेर सासूबाई सात आठवड्यांच्या नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. बाहेर जायची सगळी तयारी झाली होती. मोतीबिंदूची तपासणी दोनदा पुढे ढकलून झाली होती. आता तिसऱ्यांदा ढकलली तर डोळ्यांचे डॉक्टर ओळखसुद्धा दाखवणार नाहीत, असं त्या सकाळपासून भिंतींना ऐकवत होत्या. मुलगा कामावर गेला होता. पण दोन तासांचा तर प्रश्न होता, आणि बाळाची आई घरातच होती. दिवा चालू असताना मात्र त्या या खोलीत पाऊल टाकत नसत. तो उजेड त्यांच्या डोळ्यांत सुयांसारखा टोचायचा.

"मावळला का गं तुझा सूर्य?" त्यांनी बाहेरून विचारलं. रोज असंच विचारायच्या.

अजून पाच मिनिटं, ती म्हणाली. मघाशीही पाचच म्हणाली होती.

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. काल अंघोळ घालताना बाळ याच हातांवर होतं, पाण्याच्या वीतभर वर, आणि मनात आलं होतं, सोडलं तर? एवढंच. मग तिने बाळाला टॉवेलात गुंडाळून पलंगाच्या मधोमध ठेवलं आणि सासूबाई येईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नको नको ते विचार येतात का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा नवरा शेजारी बसला होता. छे, काहीतरीच, असं ती हसून म्हणाली होती. खरं सांगितलं तर बाळाला आपल्यापासून तोडतील, याची तिला भीती होती. आणि नाही सांगितलं तर आज हे दोन तास होते. त्या दोन तासांची भीती जास्त होती.

दार उघडलं. सासूबाई एका हाताने बाळ सावरत, दुसऱ्या हाताचा डोळ्यांवर आडोसा धरून आत आल्या.

घड्याळ स्वयंपाकघरातही आहे म्हटलं, त्या म्हणाल्या. सव्वा तास झाला. आज हा सूर्य मावळायचं नावच घेत नाही. मग त्यांनी बाळ पुढे केलं. बाटली संपवून झोपलीये, काही त्रास नाही द्यायची.

तिने हात बाहेर काढले नाहीत.

"आई, तुम्ही जाऊ नका."

"अगं, एवढ्याशा जिवाला काय घाबरायचं?"

"तिला नाही घाबरत. मला माझीच भीती वाटते."

मग तिने सगळं सांगितलं. पाणी, हात, भिंत. दिव्याकडे बघत, न थांबता. बोलता बोलता तिला दिसलं, सासूबाईंनी बाळाला घट्ट छातीशी धरलं होतं. हेच होणार हे तिला ठाऊक होतं. आता त्या मागे सरतील आणि दार लागेल.

त्या मागे सरल्या नाहीत. त्यांनी खांद्याची पर्स उतरवून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरबाईंना फोन लाव. मला सांगितलंस तसंच्या तसं सांग. एक अक्षर गाळू नकोस."

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली.

"सरक जरा," सासूबाई म्हणाल्या. बाळाचं तोंड खांद्यात वळवून त्या तिच्याशेजारी, थेट दिव्यासमोर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने घाईने बटणाकडे हात नेला.

"राहू दे चालू. मला तू दिसायला हवीस."