वाघाला ठेवलेली वाट

"अपडेट मारलं की उघडतंय, मामा," रूपाली म्हणाली, तसा जोतिबा काउंटरवर वाकला.

खडेबाजारातलं तिचं मोबाईलचं दुकान उघडायच्या आधीच तो जांबोटीच्या पहिल्या गाडीनं येऊन पायरीवर बसला होता. चार दिवस झाले, फोनातला वाघ-बकरीचा खेळ उघडत नव्हता. नुसतं एक निळं बटण यायचं आणि त्याच्यावर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असायचं.

"त्यातला डाव जाणार न्हाय न्हवं?"

"गेम तीच ऱ्हाते. नवी होते नुसती."

"नवी नको, पोरी. जुनीच चालू करून दे."

"जुनी बंद केली कंपनीनं. आता नवीच घ्यायला लागणार."

कंपनीला कोण काय सांगणार? चालत्या गाड्याला खीळ घालायची आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं.

हा खेळ जोतिबाच्या फोनात सौरवनं, त्याच्या मुलानं घालून दिला होता. त्याआधी दोघं देवळाच्या पायरीवर कोरलेल्या पटावर खडे मांडून खेळायचे. वाघ पोराचे, बकऱ्या बापाच्या. तीन वर्षांमागं शब्दाला शब्द वाढला, सौरव घर सोडून गेला आणि नंबरही बदलला. कुठं राहतो, काय खातो, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दोघांच्या फोनांत मांडलेला एकच डाव चालू राहिला होता; आठ-पंधरा दिवसांतनं एकदा त्यातला वाघ एक घर हलायचा. जोतिबा रेंजसाठी गोठ्यामागच्या टेकाडावर चढायचा आणि खाली उतरता उतरताच बायकोला ओरडून सांगायचा, "वाघ हलला गं!" त्या दिवशी मनुबाई पोटभर जेवायची.

तीन वाघांतले दोन केव्हाच कोंडले होते. तिसऱ्याला एकच वाट उरली होती. ती बुजवली की जोतिबा जिंकणार, आणि जिंकला की डाव संपणार. म्हणून पाच महिने तो दुसऱ्या कडेची एक बकरी नुसती पुढंमागं करत होता. सौरवचा वाघ त्या वाटेनं बाहेर यायचा, परत आत जायचा. तोंडासमोर बकरी असूनही त्यानं ती खाल्ली नव्हती. बापाला कळत होतं आणि पोरालाही कळत असणार. बोलायचं राहून गेलं होतं, एवढंच.

"बरं, मार अपडेट," जोतिबा म्हणाला.

निळी रेघ सरकत सरकत भरली. फोनात ढोल वाजला, नाण्यांचा पाऊस पडला. वाघांच्या डोक्यावर आता मुकुट होते. पट लखलखीत होता आणि अगदी मोकळा.

"आमचा डाव कुठं हाय?"

रूपालीनं इकडं दाबलं, तिकडं दाबलं. मग तिचं बोट थांबलं.

"मामा, मधी मेसेज आलता काय? तुमचा नंबर टाका म्हणून?"

"रोज यायचा. शेजारच्या पोरीनं सांगितलंतं, खालचं बटण दाबलं की खेळ उघडतोय. त्ये दाबत गेलतो."

"त्ये 'नंतर बघू'चं बटण, मामा. नंबर टाकलेल्यांचेच डाव ठेवलेत त्यांनी."

जोतिबानं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. वीस-बावीस दिवस त्यानं रोज इमानानं ते बटण दाबलं होतं. दाबताना उलट बरंच वाटायचं, आपल्यालाही फोनातलं कळतं म्हणून.

"त्येच्या फोनात तर असंल की," तो घाईनं म्हणाला. "त्यो हलवंल वाघ. मी थांबतो. मला काय घाई न्हाय."

रूपाली पुढचं वाचत होती. वाचून झालं तरी ती मान वर करेना.

"काय लिवलंय? सांग की."

"त्यांच्या फोनात असं दिसणार, मामा... 'समोरच्या खेळाडूनं डाव सोडला.'"

"कुणी? मी?"

तिनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली.

"मी सोडला?" जोतिबानं पुन्हा विचारलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघू लागला. जोतिबाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

रूपालीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "कंपनीला लिहूया आपण. समोरच्या खेळाडूचं गेममधलं नाव काय?"

"नाव कशाला लागतंय? वाघ त्येचाच हुता."

मग त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं काउंटरवरचं एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि तिच्याच पेननं त्यावर पट काढला. बशीतले लहानमोठे स्क्रू उचलून तो एकेक घरावर ठेवू लागला. बकऱ्या लहान, वाघ मोठे. कुठंही अडला नाही, मोजलंही नाही.

"असा हुता. असाच मांडून द्या म्हणावं त्यास्नी."

रूपालीनं फोटो काढला. लहानपणी तीही आजोळी हा खेळ खेळली होती. पटाकडं बघता बघता तिचे डोळे चमकले. निदान एवढं तरी चांगलं सांगावं, असं तिला वाटलं असेल. तिनं कडेचा एक स्क्रू बोटानं शेजारच्या घरात सारला.

"अहो मामा, ही इकडं घेतली की वाघ कोंडला! तुम्ही जिंकताय की!"

जोतिबानं तो स्क्रू उचलून होता तिथं परत ठेवला. मोकळ्या झालेल्या घरावर हलकेच तळहात धरला.

"तिथं काय ठेवू नको, पोरी," तो म्हणाला. "त्येला यायला वाट लागंल."