गाण्याचा कौल

"अर्धा गाऱ्हाणा चलाचा नाय," भटजी म्हणाले. "ज्या गाण्यार बंदी होयी, ता गाणा आधी देवाक आयकवक होया."

देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष भिकाजी यांना ते मान्य करावं लागलं. कौल लावायची कल्पना त्यांचीच होती. मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर गावातल्या दोन पोरांचं, साईश आणि विशालचं, गाणं जत्रेत बंद, डावी पडली तर चालू.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या हळर्णात तेव्हा हेवी मेटल हे नाव त्या दोघांनाच ठाऊक. बाकी गावाच्या लेखी नुसता गोंगाट. पण खुपत होते ते शब्द. देवळाचं आंगण झाडणाऱ्या शेवंतीला पायरी चढायची मनाई होती आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नसे. म्हणून साईशने ओरडायचं ठरवलं. "शेवंती भायर कित्या?" एवढंच गाणं, ती बाहेर का एवढाच सवाल.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली जुनी इलेक्ट्रिक गिटार सभामंडपात आली. विशालने शिगम्याचे ढोल मांडले. वीज त्या काळी पाहुण्यासारखी यायची-जायची. त्या दिवशी टिकली. साईशने शेवंतीचं नाव ओरडत दिलेल्या पहिल्याच दणक्याला समईची ज्योत लवली आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

"परत लावा," भिकाजी म्हणाले.

पाकळ्या परत लागल्या. गाऱ्हाणं परत, म्हणून गाणंही परत. साईश गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. पुन्हा दोन्ही पडल्या. भिकाजींनी कानांवरचे हात काढले, पण आता परत लावा म्हणायची त्यांची छाती होईना.

"देवान उत्तर देवक नाय," भटजी म्हणाले. "मगे बंदी कोण घालतलो?"

भिकाजी चपला अडकवून चालते झाले.

किती कोवळी होती ती पोरं. आठवलं की अजून ऊर भरून येतो. घामाने निथळत ती बाहेर आली, तर शेवंती झाडू धरून पायरीखाली तशीच उभी.

साईशचा चेहरा पडला. "तू अजून भायरच गे, मावशे."

"मी भायरच रे," ती म्हणाली. "पण नाव माजा दोन खेपे भितर जावन इला."