पहिला आकडा

अडतीस! पडद्यावरचा आकडा पाहून अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं.

"समुद्र आहे की चहाचं आधण?" साहेब म्हणाले.

तिला हसू आलं नाही. यंदा समुद्र तापत चालला होता, त्यातच पाण्याचं तापमान कळवणारा भर समुद्रातला तरंगता बोया महिनाभर मुका होता आणि आज बोटीने जाऊन तो दुरुस्त केला होता. संध्याकाळी पावसाचा अंदाज द्यायचा होता, सगळं घोडं तिथल्या पाण्यापाशी अडलं होतं. ते पाणी नेहमीपेक्षा तापलं की वारे आपली वाट सोडतात आणि इकडे हजारो कोसांवर माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. निवलं, की तेच वारे ढग घेऊन येतात. पण कितीही तापला तरी भर समुद्र अडतीस अंशांवर जात नाही. ही शुद्ध थाप होती.

खोटे आकडे शोधून पुसणं हेच तिचं काम. ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. बोया दुरुस्त झाला की पहिला आकडा हमखास चुकीचा यायचा, चौतीसच्या आसपास. तापमापक डेकवर उन्हात पडला असेल, असं म्हणून ती तो पुसायची. वर्षानुवर्षं पुसत आली होती.

त्या बोटीवर तिचे वडील होते. बोये दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आई तापाने फणफणली त्या वर्षीही समुद्र असाच तापला होता. बाबा बोटीवर गेले आणि परतले तेव्हा आई नव्हती. "समुद्राच्या तापाला धावलात, आईच्या नाही," एवढं बोलून तिने बोलणंच टाकलं. मग त्यांचाही कधी फोन आला नाही. बाप तसा हट्टी, लेक त्याच्यावर ताण. तरी नोकरी तिने इथेच धरली. का, असं कुणी विचारलं की ती विषय बदलायची. समुद्राकडून एवढे आकडे येतात, त्यांच्यासोबत बाबांची काहीतरी खबर येईल, अशी वेडी आशा तिला रोज वाटायची. खबर कधी आली नाही.

तिने तणतणत बोटीला फोन लावला. कॅप्टन नवा होता.

"तापमापक उन्हात टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"ऊन कुठलं, मॅडम? इथे सकाळपासून ढग दाटलेत," कॅप्टन म्हणाला. "ते आमच्या दुरुस्तीवाल्या काकांचं काम. पाण्यात सोडायच्या आधी तापमापक मुठीत घट्ट धरून बसतात, पहिला आकडा जाईपर्यंत. म्हणतात, पलीकडे माझी लेक बसलीय, तिला कळू दे बाप धड आहे. रागावू नका हो, त्यांची ही शेवटची फेरी. तुमच्याच ऑफिसात असते म्हणे ती. ओळखता का तुम्ही?"

एकेक चौतीस तिला आठवला. प्रत्येक तिने स्वतःच्या हाताने पुसला होता.

तेवढ्यात पडद्यावर दुसरा आकडा उमटला. साडेसत्तावीस. पाणी निवलं होतं, वारे येणार होते. साहेबांनी टाळीच वाजवली.

"चला, पाऊस आला! चाळणी, तेवढा तो अडतीस पुसून टाक."

तिची नजर अडतीसवरून हलेना. तिने फोन दोन्ही हातांत धरला.

"ओळखते," ती म्हणाली. "कॅप्टन, त्यांचा हात नेहमी चौतीस असतो. आज अडतीस आहे, त्यांना ताप भरलाय. आधी त्यांना आडवं करा, आणि हा फोन त्यांच्या कानाशी धरा."