रक्ताचा रिपोर्ट

धावड्याच्या वच्छलाबाईला सहा वर्षांपासून आतड्याच्या सुजेचा आजार होता. तो बळावला तर आतडं कापून पोटाला शौचाची पिशवी लावावी लागेल, असं तिनं ऐकलं होतं. म्हणून महिनाभर शौचातून रक्त जात असूनही ती जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बिलकुल बरी हाये." बाईंनी रिपोर्ट पाहिला. "संशोधनासाठी तुमचं रक्त घेतलं होतं. भुकेचं हार्मोन वाढलंय. आतडं सुजलं की ते वाढतं, असं दिसतंय. पण खात्री नाही. तुम्हीच सांगा." वच्छलाबाईचा नवरा आबाराव खाली मान घालून म्हणाला, "खोटं बोलून राह्यली ती. पहाटेपासून दहादा टमरेल घेऊन पळती. पडंल म्हणून मी मागं जातो." "औषध बदलून बघू," बाई म्हणाल्या. "गुण न्हाई आला तर?" वच्छलाबाईनं विचारलं. आबाराव म्हणाला, "मंग पिशवी मी धुईन."