बाजूचे आवाज

"हा घ्या ताई, परवडणारा आहे," दुकानदाराने वीतभर लांबीचा माइक काउंटरवर ठेवला. "समोरचा पक्षी तेवढा टिपतो. बाजूचं काही येत नाही."

असाच माइक मी सहा वर्षं वापरला. आंबोलीच्या रानात माझे वडील, आबा, रेकॉर्डर छातीशी धरून शेजारी उभे असायचे. त्यांना दम्याचा खोकला. रेकॉर्डिंगमध्ये तो आलाच, तर घरी येऊन मी तेवढा तुकडा कापून टाकायचे.

आबा गेले, त्याला आज महिना झाला. मी सगळ्या फायली ऐकल्या. कस्तूर, धनेश, बेडूक, सगळे स्वच्छ. आबा कुठेच नाहीत. काल एका फायलीत कापायचा राहिलेला माझाच आवाज सापडला. "आबा, खोकला जरा दाबून धरा ना!"

त्यानंतर कस्तूर चार मिनिटं गातो. मागे हूं की चूं नाही.

"हा नको," मी दुकानदाराला म्हटलं. "चारी बाजूंचं टिपणारा दाखवा."

"मग पक्षी नीट येणार नाहीत, ताई."

"न येवोत. घरी आई आहे अजून."